रिमोट सर्व्हरवर अपग्रेड अडकलं तर

घाबरू नका. डेबियन किंवा उबुंटूवरची पॅकेजेसची भांडणं बहुतेक वेळा सुटतात, फक्त घाई नको. सुरुवातीला एवढं सांभाळा:

१. आधी टीमक्स (सर्व्हरवर टर्मिनल सेशन जिवंत ठेवणारं टूल), मग अपग्रेड. मधेच नेट गेलं तरी काम चालू राहतं, नाहीतर डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) अर्ध्यावर लटकतो. लटकलाच, तर सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारी कमांड) लावून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा.

२. एरर वरून वाचा. शेवटची ओळ सहसा कामाची नसते. वर 'डिपेंड्स'पुढे कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन हवंय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या पॅकेजवर 'एपीटी पॉलिसी' चालवा, म्हणजे ते कुठल्या रेपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या भांडारातून) आलंय ते कळेल. बहुतेकदा कधीतरी जोडून विसरलेला एखादा पीपीए (उबुंटूसाठी बाहेरच्या कुणी चालवलेली रेपॉझिटरी) हाच गुन्हेगार निघतो!

'केप्ट बॅक', म्हणजे पॅकेज तूर्त अपग्रेड न करता मागे ठेवलंय, ही एरर नव्हे. उबुंटू काही अपडेट्स टप्प्याटप्प्यानंच सोडतं, एखादं चार दिवस थांबलं तर बिघडत नाही.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे लॉकची एरर आली की लॉक फाइल (एका वेळी एकच अपग्रेड चालावं म्हणून असलेली खूण) उडवणं. मागे बहुधा अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारा प्रोग्रॅम) चालू असतं, चहा पिऊन या. दुसरी, काय काय काढलं जाणार ती यादी न वाचताच 'वाय' दाबणं. त्यात डेटाबेस किंवा ओपनएसएसएच-सर्व्हर (ज्यातून तुम्ही रिमोट लॉगिन करता तो) दिसला की सरळ 'एन'.

एसएसएचची कॉन्फिग फाइल बदलू का विचारलं, तर तूर्तास तुमचीच ठेवा. आणि चालू सेशन बंद करण्याआधी दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय ना, ते बघा.

पिनिंग (पॅकेजचं ठरावीक व्हर्जन किंवा रेपॉझिटरी पक्की करणं) वगैरे नंतर. अडलात तर एररचा पूर्ण मजकूर पाठवा, अर्धा स्क्रीनशॉट नको.