वाचकांचे प्रश्न : अबॉर्शनवर विनोद करायचा का?

प्रश्न : ताई, आमचा पुण्यात छोटा वाचनकट्टा आहे. मागच्या वेळी विषय होता राजकीय व्यंगचित्रं. एकाने आयर्लंडचं 1992 सालचं चित्र दाखवलं, देशाच्या नकाशाभोवती काटेरी तारांचं कुंपण आणि आत एक लहान मुलगी, विषय अबॉर्शनचा. आमच्यातल्या एक काकू जाम भडकल्या, म्हणाल्या ही काय चेष्टेची गोष्ट आहे का, जिच्यावर वेळ येते तिला विचारा. दुसरे एक जण म्हणाले राजकारणात सगळ्यावर विनोद चालतो, त्यात सोवळंओवळं कशाला. भांडण अर्धवटच राहिलं. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काकूंचं आधी घेते, कारण त्यांचा राग खरा आहे. पोटातलं मूल गेलेली, किंवा नको असताना राहिलेली आणि मग कुणाला न सांगता दवाखान्याच्या पायऱ्या चढलेली बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी असतेच, फक्त आपल्याला माहीत नसते. तिच्यासमोर कुणी फिदीफिदी हसलं तर तिला काय वाटेल हा विचार पहिला यायलाच हवा. पण काकूंना एवढं नक्की सांगा की त्या चित्रात त्या मुलीवर कुणीही हसत नाहीये.

ते चित्र मार्टिन टर्नरचं, आयरिश टाइम्समधलं. झालं असं होतं की 14 वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, तिला दिवस गेले, आईबाप तिला घेऊन इंग्लंडला निघाले कारण आयर्लंडमध्ये अबॉर्शनला बंदी होती. जायच्या आधी त्यांनी पोलिसांना साधा प्रश्न विचारला की गर्भाची डीएनए टेस्ट आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का. ते वरपर्यंत पोचलं आणि सरकारचा सगळ्यात मोठा वकील, म्हणजे ॲटर्नी जनरल, कोर्टात गेला. 17 फेब्रुवारी 1992 ला हायकोर्टाने हुकूम दिला की या मुलीने नऊ महिने देश सोडायचा नाही. म्हणजे ज्याने गुन्हा केला तो राहिला बाजूला आणि कोंडलं कुणाला तर तिला. टर्नरने त्या चित्राखाली लिहिलं होतं की आयर्लंडमध्ये आता 14 वर्षांच्या मुलींसाठी इंटर्नमेंट सुरू झालंय. इंटर्नमेंट म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवणं, उत्तर आयर्लंडमध्ये 1971 पासून ते झालं होतं, आपल्याकडे आणीबाणीत मिसाखाली लोकांना आत टाकलं तसंच. तिथल्या वाचकाला तो एक शब्द वाचून जे कळलं असेल ते मोठमोठ्या अग्रलेखांनी कळलं नसतं असं मला मनापासून वाटतं. त्याच महिन्याच्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने मनाई उठवली, मुलीच्या जिवाला धोका आहे, ती आत्महत्या करेल, या कारणावरून.

ही बंदी नुसत्या साध्या कायद्यातली नव्हती. 1983 साली सार्वमत घेऊन ती थेट राज्यघटनेत घातली होती, आईचा आणि न जन्मलेल्या बाळाचा जगण्याचा हक्क सारखाच म्हणून, आणि ती 2018 पर्यंत राहिली. तेवढ्या वर्षांत दीड लाखाच्या वर बायकांनी इंग्लंडच्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता लिहिला. एवढ्या बायका जाऊन आल्या आणि घरी सांगितलं की मैत्रिणीकडे गेले होते, शॉपिंगला गेले होते, आणि सगळं गाव गप्प. कायदा टिकतो तो या गप्प बसण्यावरच टिकतो, आणि म्हणून तिथे विनोदाला काम होतं.

त्याची सुरुवात खरं तर आधीपासूनची आहे. आयर्लंडमध्ये गर्भनिरोधक विकायलाच बंदी होती तेव्हा 1971 च्या मे महिन्यात डब्लिनच्या बायका रेल्वेने उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, तिथे ब्रिटिश कायदा होता. तिथून निरोध वगैरे आणायचे आणि उघडउघड कस्टमच्या समोर धरायचे असा बेत. पण पिल्स घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते हे तिथे गेल्यावर कळलं. मग नेल मॅककॅफर्टी या पत्रकार बाईंच्या डोक्यातून आलं की ॲस्पिरिनची पाकिटं घेऊया, कस्टमच्या पुरुषांना कुठे फरक कळणार! आणि खरंच, परत आल्यावर डब्लिन स्टेशनवर कस्टमवाले लाजून मान खाली घालून उभे, बायका डोकेदुखीच्या गोळ्या हातात नाचवतायत, बाहेर गर्दी टाळ्या वाजवतेय. सरकारला ज्या गोळीची एवढी भीती ती गोळी दिसते कशी हेच सरकारच्या माणसांना माहीत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

2015 चं उदाहरण तर मला फार आवडतं. ग्रॉन्या मग्वायर नावाच्या आयरिश विनोदी कलाकार बाईने पंतप्रधान एंडा केनींना ट्विटरवर आपल्या पाळीची माहिती पाठवायला सुरुवात केली. म्हणणं एवढंच की माझ्या गर्भाशयावर सरकारचा हक्क असेल तर आत काय चाललंय हेही सरकारला कळायला नको का. मग शेकडो बायकांनी तेच सुरू केलं, पोटात किती दुखतंय, किती दिवस चाललंय, सगळं पंतप्रधानांना. यात अबॉर्शन करणाऱ्या एकाही बाईला टोचेल असा एक शब्द नाही. उलट जी बाई घरात एकटी बसून हे वाचत असेल तिला वाटलं असेल की अरे, मी एकटी नाहीये.

आणि तारा फ्लिन. ती नटी आहे, विनोदी लिहिते. तिला स्वतःला अबॉर्शनसाठी नेदरलँडला जावं लागलं होतं, 2015 मध्ये तिने ते जाहीरपणे सांगितलं, भयंकर शिव्या खाल्ल्या, आणि नंतर त्याच अनुभवावर गाण्यांसकट एकपात्री प्रयोग उभा केला. लोक हसत होते आणि रडतही होते. हे तिनेच करायचं होतं. तुम्ही किंवा मी तिच्या वतीने तो विनोद केला असता तर तो घाण झाला असता.

तर तुमच्या दुसऱ्या मित्राचं, सगळ्यावर विनोद चालतो हे, मला पटत नाही. मी विनोद ऐकला की पहिलं हे बघते की हा कुणाला आणखी लाज आणतोय. मंत्र्याला, न्यायाधीशाला, बिशपला आणत असेल तर खुशाल आणू दे, त्यांच्या हातात सत्ता आहे. पण देवळात नाहीतर चर्चमध्ये माळ ओढणाऱ्या आजीला अबॉर्शन पाप वाटतं म्हणून तिची टिंगल करणारे विनोदही मी पाहिलेत आणि तेही मला आवडत नाहीत. 2018 मध्ये आयर्लंडमध्ये तीनातल्या एकाने बंदी राहावी असं मत दिलं, ती काही सगळी दुष्ट माणसं नव्हती, कित्येकांना मनापासून तसं वाटत होतं. त्यांच्याशी वाद घालावा, समजावून सांगावं.

प्रश्न : मी बेळगावची. सविता हलप्पनवार आमच्या गावची मुलगी. ती गेली तेव्हा इथे कित्येक दिवस दुसरं बोलणं नव्हतं. आयर्लंडवर विनोद म्हटलं की मला तीच आठवते आणि हसूच येत नाही. हे माझं चुकतंय का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजिबात चुकत नाही हो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सविता दातांची डॉक्टर, वय 31, 17 आठवड्यांची गरोदर. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉल्वेच्या हॉस्पिटलात गेली तेव्हा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं. तिने अबॉर्शन मागितलं, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले. हा कॅथलिक देश आहे असं तिला तिथल्या सुईणीने सांगितलं, आणि ते तिने नंतर चौकशीत कबूलही केलं. इन्फेक्शन अंगभर पसरलं आणि 28 तारखेला सविता गेली.

तिच्या मरणावर विनोद होऊ शकत नाही. किती वर्षांनी होईल असंही विचारू नये, तिचे आईवडील, तिचा नवरा यांचं दुःख वर्षं मोजून संपत नसतं. आणि विनोदाचं काम कुठे संपतं हेही इथेच कळतं. विनोदाने लाज कमी केली, बायकांना बोलायचं बळ दिलं हे खरं, पण मत फिरवलं ते सविताने, आणि नंतर ज्या हजारो बायकांनी पहिल्यांदा आपल्या घरात, नवऱ्याला, मुलांना, म्हाताऱ्या बापाला सांगितलं की मीही गेले होते इंग्लंडला, त्यांनी. सविताच्या वडिलांनी इथून आयर्लंडच्या लोकांना हात जोडून सांगितलं होतं की माझ्या मुलीची आठवण ठेवा आणि मत द्या. 25 मे 2018 ला 66.4 टक्के लोकांनी बंदी काढायच्या बाजूने मत दिलं. डब्लिनमध्ये भिंतीवर सविताचं मोठं चित्र काढलं होतं, लोक तिथे येऊन चिठ्ठ्या चिकटवत होते, तिची माफी मागत होते. तुम्हाला हसू येत नसेल तर हसू नका, आणि कुणी आग्रह केला तर त्याला हे सगळं सांगा.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर काका लोक सारखे जोक टाकतात, दुसरीपण मुलगी झाली, आता बर्फी किती वेळा वाटायची, सोनोग्राफीवाला ओळखीचा आहे का वगैरे. मी काही बोलले की म्हणतात तुला विनोद कळत नाही. काय करू?
— नाव देऊ नये, नाशिक

उत्तर : तुला विनोद चांगला कळतो, म्हणूनच तुला राग आला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी इथपासून सुरू होतं आणि सोनोग्राफीवाला ओळखीचा आहे का इथे पोचतं, आणि तिथे तो विनोद राहत नाही, ती चौकशी असते. गर्भलिंग तपासणी थांबवायचा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, 1988 ला, केंद्राचा 1994 चा. तो करावा लागला कारण घराघरात मुली नको होत्या. ग्रुपवर ज्या सुनेला दोन मुली आहेत ती तो मेसेज वाचत असते, तिच्या लहान मुलीही उद्या वाचतील. काकांना ग्रुपवरच लिही की काका, या जोकवर वहिनी हसणार आहे का ते आधी तिला विचारा. फार भांडायची गरज नाही, एवढं पुरे होतं.

यात एक गोष्ट मात्र गल्लत न करता लक्षात ठेव. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं गुन्हा आहे, आणि बाईने कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, ठरलेल्या मुदतीत अबॉर्शन करून घेणं आपल्याकडे 1971 च्या कायद्यापासून कायदेशीर आहे. सोनोग्राफीच्या बोर्डांमुळे आणि पोस्टरांमुळे खूप जणींना वाटतं की सगळंच बेकायदा आहे, मग त्या घाबरून कुठल्यातरी भोंदूकडे जातात आणि जिवावर बेततं.

प्रश्न : तुमच्या सदरात असले विषय का घेता? मासिक घरात मुलं वाचतात.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची काळजी समजते. पण मराठी मासिकाच्या प्रश्नोत्तरांत असले विषय नव्वद वर्षांपूर्वीच आलेत. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून समाजस्वास्थ्य काढत होते, वाचक त्यांना विचारायचे आणि ते सरळ उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक मरेपर्यंत चालवलं. मुलांनी हे आपल्याकडून वाचलेलं बरं, नाहीतर ती ते नाशिकच्या काकांसारख्यांच्या मेसेजमधून शिकतील.

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं अबॉर्शनवर विनोदी एकांकिका बसवतोय. सर म्हणतात विषय बदला. कुणावर विनोद करायचा आणि कुठे थांबायचं ते सांगाल का?
— नाट्यमंडळ, सातारा

उत्तर : विषय बदलू नका. आपल्याकडे आयर्लंडसारखी बंदी नाही, त्यामुळे तिथले विनोद उचलून इथे चालणार नाहीत, इथलं बघा. कायद्यात 18 वर्षांवरच्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कुठेच लिहिलेली नाही, तरी कितीतरी दवाखान्यांत विचारतात नवरा कुठाय, सासू कुठाय, सही कोण करणार. लग्न न झालेली मुलगी गेली तर आधी तिला प्रवचन. 2021 च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फेल गेलं तर लग्नाची अट काढून टाकली, सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने 24 आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतही लग्न झालेली आणि न झालेली असा फरक करता येणार नाही म्हणून सांगितलं, पण खिडकीमागे बसलेल्या माणसापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. सही मागत एकेक नातेवाईक स्टेजवर येतोय, कायद्यात ज्याचं नावच नाही असा प्रत्येक जण पेन घेऊन उभाय आणि जिची सही लागते तिला पेन कुणी देतच नाही, हे मला आत्ता लिहिताना डोळ्यासमोर दिसतंय, तुम्ही याहून चांगलं कराल.

त्या मुलीला मात्र मूर्ख दाखवू नका, रडकीही दाखवू नका. ती तिथे का आली हे प्रेक्षकांना सांगायची तिला गरजच पडू नये. तालीम झाली की एखाद्या नर्सला किंवा आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना बोलावून दाखवा आणि त्या कुठे हसल्या नाहीत ते लिहून घ्या. आणि संहितेत आठवड्यांचे आकडे येत असतील तर नीट तपासा : 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 20 ते 24 ला ठरावीक कारणांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड. प्रेक्षकांत बसलेली एखादी मुलगी तुमचं नाटक बघून उद्या दवाखान्यात जाईल, तिला चुकीचा आकडा कळता कामा नये.