बोट ओढायला कोणती एसयूव्ही? आधी दारावरचं स्टिकर वाचा

क्रॉसओव्हर किंवा एसयूव्हीमागे ट्रेलर लावण्याबद्दल येणारे प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांचे असतात, पण गोंधळ एकच असतो. ब्रोशरमध्ये ओढण्याच्या क्षमतेचा एक मोठा आकडा असतो आणि वाचक त्यावरच गाडी पसंत करून मोकळे होतात. या वेळचे निवडक प्रश्न त्याच गोंधळातून आलेले आहेत.

प्रश्न : मनात असलेल्या सात आसनी क्रॉसओव्हरची टोइंग क्षमता १५०० किलो आहे. बोट ११०० किलोची. म्हणजे ४०० किलो हाताशी राहतात ना?

नाही राहत. ११०० किलो हे बहुधा कोरड्या बोटीचं वजन असणार, म्हणजे इंजिन, इंधन, बॅटरी काहीच न धरता. बोटीच्या मागे बाहेरून लावायचं मध्यम आकाराचं आउटबोर्ड इंजिन १७० किलोच्या आसपास धरा. १०० लिटर पेट्रोलचे सुमारे ७५ किलो, बॅटरीचे २५, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि बर्फाची पेटी मिळून ६०. आणि ज्याच्यावर हे सगळं बसतं तो ट्रेलरच ३५० किलोचा. बेरीज १७८० होते. ही गाडी तुमच्या बोटीसाठी नाही.

विक्रेत्याने सांगितलेलं वजन कागदावर लिहू नका. बोट इंधनासकट, सामानासकट ट्रेलरवर चढवून वजनकाट्यावर न्या आणि ती पावती घेऊन गाडी शोधायला निघा. बोट अजून घेतलेली नसेल, तर बांधणाऱ्याकडून पूर्ण सज्ज अवस्थेतलं वजन लेखी मागा.

प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह हवीच का?

सपाट, कोरड्या रस्त्यासाठी नाही. शेवाळलेल्या उतारावरून बोट पाण्याबाहेर काढायची असेल तर हवी.

प्रश्न : हिच बॉलवरचा (गाडीमागच्या हिच नावाच्या जोडणीवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) भार कमी ठेवण्यासाठी ट्रेलरमधलं सामान मागे सरकवा, गाडी हलकी चालते, असं एका जाणकाराने सांगितलं. तसं केल्यावर ८० च्या वेगाला ट्रेलर डुलायला लागला. गाडी बदलावी का?

आधी तो सल्ला बदला. यामुळे गाड्या उलटतात, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग बॉलवर खाली दाबला गेलाच पाहिजे. सामान मागे गेलं की बैलगाडी उलाळ होते तसा ट्रेलर पुढून उचलला जातो. मग वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला ट्रक किंवा रस्त्यातला खड्डा, एवढ्या निमित्ताने तो शेपटीसारखा डुलू लागतो, आणि वेग जितका जास्त तितकं डुलणं आपोआप वाढत जातं. उत्तर अमेरिकेत साध्या ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के भार पुढे ठेवायला सांगतात. युरोपातल्या गाड्यांना हे प्रमाण कमी असतं आणि बॉलवरची मर्यादा अनेकदा ७५ ते १०० किलोच असते. एकाच गाडीचे दोन देशांतले आकडे वेगळे दिसतात, कारण वेगमर्यादा आणि भाराचे हिशेब वेगळे असतात. म्हणून परदेशी व्हिडिओतला आकडा आपल्या गाडीला लावू नका. गाडीचं मॅन्युअल, हिचवरची पट्टी आणि ट्रेलरवरची पट्टी या तिन्हींतली सर्वांत लहान मर्यादा तुमची.

आता हा भार येतो कुठून? तो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडीवर टाकता येणाऱ्या वजनातून, वजा होतो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड ५५० किलो आहे असं समजा. पाच माणसांचे ३५० किलो, सामानाचे ८०, बाहेरून बसवलेल्या हिचचे २५. उरले ९५. वर सांगितलेल्या १७८० किलोच्या बोटीचे नुसते १० टक्के धरले तरी १७८ होतात. म्हणजे ब्रोशरचा आकडा २००० किलो असता, तरी सहकुटुंब निघाल्यावर ही गाडी ओव्हरलोडच ठरली असती. काही उत्पादक एसएई या अमेरिकी अभियंता संघटनेच्या जे२८०७ या मानकाप्रमाणे क्षमता ठरवतात. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर एसी पूर्ण चालू ठेवून चढण्याची अट आहे, चाचणी कडक आहे. पण तिथेही गाडीत ड्रायव्हर आणि एकच प्रवासी धरतात, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचे. तुमची तीन मुलं आणि त्यांच्या बॅगा त्या आकड्यात नाहीत.

शिवाय बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे असतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.७ मीटर आणि बॉल एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या १५० किलोंचे मागच्या एक्सलवर सुमारे २१७ होतात आणि पुढची चाकं ६७ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी उतारावर जागच्या जागी चाकं फिरवत बसते. म्हणून लांब व्हीलबेसची आणि मागच्या चाकांच्या मागे कमी लांबलेली गाडी निवडा. इंजिनाची ताकद त्यानंतर बघा.

बॉलवरचा भार घरीही मोजता येतो. ट्रेलर पूर्ण भरून, समतल उभा करून, चाकांना अडसर लावा. एक मजबूत फळी एका टोकाला वजनकाट्यावर आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर टेकवा. ठोकळ्यापासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अशा जागी कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) टेकवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे तुमचा भार. फळीचं वजन आधी वजा करायला विसरू नका.

सामानाचं साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे हवं. बोटीचं इंजिन मागेच असल्यामुळे तिथे सामान हलवून भागत नाही, विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या यंत्राचा) खांब किंवा एक्सल सरकवावा लागतो. ते काम ट्रेलर बांधणाऱ्याकडूनच करून घ्या. बोट पुढे ओढताना तिचा मागचा भाग आधारफळ्यांच्या बाहेर लोंबला, तर तळाला तडे जातात. आणि ट्रेलर डुलायला लागलाच, तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येत असतील तर फक्त तेच लावा. वेग वाढवून तो सरळ होतो, ही ऐकीव गोष्ट आहे. त्यावर विसंबू नका.

प्रश्न : जास्त क्षमतेची हिच आणि मागे एअर स्प्रिंग बसवून क्षमता वाढवून देतो, असं एक दुकानदार म्हणतो. खरं आहे का?

खोटं आहे. एअर स्प्रिंगने गाडीची मागची बाजू वर येते. एक्सल, ब्रेक आणि गिअरबॉक्स होते तेच राहतात. भार पुढच्या चाकांवर परत ढकलणारी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच उपयोगी असते, पण मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) बांधणीच्या काही गाड्यांना ती लावायला उत्पादकाचीच मनाई आहे. त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) चालेल की साधा ऑटोमॅटिक घेऊ?

जड बोटीसाठी टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक. तो सुरुवातीचा ताण तेलातून झेलतो; त्या तेलासाठी वेगळा कूलर मात्र हवा. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स उतारावर इंच इंच मागे नेताना क्लच घासून तापवतो. सीव्हीटी हलक्या ट्रेलरला चालतो, मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. गिअरबॉक्स कोणताही असो, चढावर तो सारखा वर-खाली गिअर बदलत असेल तर खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवा, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर उतरवा.

प्रश्न : ट्रेलरला वेगळे ब्रेक लागतात का?

हो. अनेक देशांत ७५० किलोंच्या वर ते सक्तीचे आहेत, आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी गाडीची मर्यादाही वेगळी, बरीच कमी असते. स्थानिक नियम परिवहन कार्यालयात विचारा.

प्रश्न : इलेक्ट्रिक एसयूव्हीने बोट ओढता येईल?

उत्पादकाने परवानगी दिली असेल तर. कित्येक इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना मुळात ट्रेलरची मान्यताच नसते. उतारावर ताकद उत्तम मिळते, पण उंच कॅरॅव्हॅन मागे असली की एका चार्जमधलं अंतर निम्म्यावर येऊ शकतं. बोट बुटकी असल्याने फटका कमी बसतो. वाटेतल्या चार्जरपाशी ट्रेलर न सोडता गाडी उभी करता येते का, ते निघण्याआधी पाहा.

प्रश्न : जुन्या गाडीला हिच आधीच लावलेली आहे. फायदा समजायचा ना?

आधी तपासणी समजा. कारखान्यातल्या टोइंग पॅकेजमध्ये अनेकदा मोठा रेडिएटर, गिअरबॉक्स तेलाचा कूलर आणि वायरिंग येतं. नंतर बोल्ट आवळून लावलेल्या हिचबरोबर यातलं काहीच येत नाही. चासी क्रमांक देऊन सर्व्हिस सेंटरकडून खात्री करा. गिअरबॉक्सचं तेल काळपट आणि जळका वास येणारं असेल, हिचच्या जोडांजवळ तडे असतील, किंवा मागच्या दिव्यांच्या तारा कापून जोड दिले असतील, तर ती गाडी सोडा. असे जोड आजच्या गाड्यांचं कंट्रोल मॉड्यूल जाळू शकतात.

प्रश्न : प्रत्येक हंगामात ट्रेलरचं बेअरिंग जातं. गाडीचा दोष?

गाडीचा नाही, घाईचा. धावून तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधासारखं पांढरं दिसलं म्हणजे पाणी शिरलं. हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, दिव्यांचा प्लग काढा, मगच बोट उतरवा. चाक उचलून वर-खाली हलवल्यावर खडखड जाणवली तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा, पुढच्या सहलीची वाट बघू नका.

प्रश्न : नवी गाडी हातात आली त्याच आठवड्यात ट्रेलर लावला तर?

लावू नका. बरेच उत्पादक पहिले ८०० ते १६०० किलोमीटर ट्रेलरशिवाय चालवायला सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.