डावा हात कोपराखाली नसलेल्या मुलीला पोहणं आणि क्लाइंबिंग शिकवायचं, तर आधी कृत्रिम हात बसवावा का?

नाही, त्यासाठी थांबू नका. माझाही डावा हात जन्मापासून कोपराच्या चार बोटं खाली संपतो; घरी आम्ही त्याला ‘छोटा हात’ म्हणतो. तुमची लेक नऊ वर्षांची आहे. मी ठाण्यात पोहण्याच्या तलावात उतरले तेव्हा अकराची होते, आणि मधली दोन वर्षं ‘आधी हात बसवू, मग बघू’ यातच गेली.

पॅरा, म्हणजे दिव्यांगांच्या, जलतरण स्पर्धेत कृत्रिम हात लावून पोहताच येत नाही. तिला खरा त्रास होईल तो सरळ जाण्याचा. उजवा हात पाणी मागे लोटतो आणि अंग डावीकडे वळतं, एकाच वल्ह्यावर होडी वळते तसं. मी सारखी दोरीला धडकायचे. पहिले सर म्हणाले, ‘हिला फळी द्या, पाय मारू दे, तेवढं पुरे.’ नंतरच्या मॅडमनी उजवा हात बाहेरून न फिरवता पोटाखालून, मधल्या रेषेजवळून ओढायला शिकवलं. छोटा हातही दर वेळी पुढे न्यायला लावला. तो अंगाला चिकटवून ठेवू देऊ नका. तो फिरला की अंग दोन्ही कुशींवर सारखं वळतं आणि श्वास नीट घेता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवला दोन्ही हात कोपराखाली नाहीत, तरी त्याने २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. तिला त्याच्या शर्यती दाखवा.

क्लाइंबिंग मी मुंब्र्याच्या डोंगरावर शिकले. तिथे भार पायांवर टाकायचा असतो, आणि हे तिला दोन हातवाल्यांपेक्षा लवकर उमगेल. छोटा हात कपारीत घालून मी अंग पेलते. टोकाची कातडी सोलवटते, म्हणून आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळते. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायची आठाची गाठ मी दोर कोपराच्या बेचक्यात धरून मारते. तुमच्या लेकीलाही ती स्वतःच मारू द्या, वेळ लागला तरी. तपासायला मात्र दुसरं माणूस हवंच. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच येतोय.

जपायचा तो उजवा खांदा. दप्तर, बालदी, पोहणं, दोर, सगळं त्या एकावरच पडतं. बाविसाव्या वर्षी माझा खांदा इतका दुखावला की तीन महिने केसही विंचरता येत नव्हते. आठवड्यातून एक दिवस त्याला पूर्ण सुट्टी द्या. स्पर्धेचं मनात असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचं काम आत्ताच सुरू करा.

पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, म्हणून तुमच्या वाशीतच पोहण्याच्या एखाद्या तलावापासून सुरुवात करा. कपडे बदलताना मुली विचारतील, ‘तुझा हात कुठे गेला?’ तेव्हा तिच्या आधी तुम्ही उत्तर देऊ नका. माझी आई द्यायची, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही.