रोजची गाडी आणि टाइल्सचा माल : आधी किलो मोजा, लिटर नंतर

तुमचा प्रश्न वाचला. टाइल्स-पेंटिंगची कामं घेता, स्विफ्ट मागून बसायला लागलीय, बजेट १२ लाख, रविवारी त्याच गाडीत घरचे पण बसणार, आणि आधीच्या उत्तरांत बहुतेकांनी तुम्हाला "बूट स्पेस बघा" (म्हणजे डिकीतली जागा, ती लिटरमध्ये मोजतात) असं सांगितलंय. बूट स्पेस कापसाचा धंदा असेल तर बघा हो, टाइल्सला काय जागा लागते, टाइल्सला लागतं वजन.

तुम्ही जो माल लिहिलाय त्याचाच हिशोब घालू. २ बाय २ ची चार नगांची पेटी साधारण २५ ते ३० किलो, म्हणजे दहा पेट्या पावणेतीनशेच्या आसपास. टाइल केमिकलच्या २० किलोच्या चार पिशव्या म्हणजे ८०. तुम्ही आणि दोन माणसं धरा २००. झाले की साडेपाचशे किलो! स्विफ्ट ही पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा एवढ्यासाठी बनवलेली गाडी आहे, ती बसणार नाही तर काय होणार. आणि तो स्प्रिंगमध्ये घालायचा रबरी बफर म्हणताय ना, त्याने गाडी मागून उचललेली दिसते एवढंच, ब्रेक तेच, टायर तेच, अ‍ॅक्सल तोच. मी तरी नाही घालणार.

बघायचा आकडा एकच, गाडीचं भरलेलं कमाल वजन वजा रिकामं वजन. रिकामं वजन आरसीवर असतं, कमाल वजन मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या प्लेटवर. जे उरेल त्यातच ड्रायव्हर, माणसं, माल सगळं आलं, हे लोक विसरतात. ढोबळ बघायचं तर सात सीटर म्हणजे कंपनीने निदान पाचशे किलोची सोय केलेली असते, म्हणून तुमच्यासाठी हॅचबॅक आणि सेडान दोन्ही बाद.

आता गाड्या. बोलेरो वजन उचलायला एक नंबर, ट्रकसारखी चॅसीवर बांधलेली, मागे स्प्रिंगऐवजी पोलादी पाटे, मागच्या चाकांना ड्राइव्ह. पण रिकामी असताना एवढी उडते की घरचे दुसऱ्या रविवारी रिक्षा करतील. ईको स्वस्त, सरकते दरवाजे असल्यामुळे पेठांच्या गल्लीत माल उतरवायला भारी, आणि तिलाही ड्राइव्ह मागच्या चाकांना. हा फायदा लोकांना कळत नाही, माल मागे असतो तेव्हा वजन मागच्या चाकांवर येतं, ड्राइव्ह पुढच्या चाकांना असेल तर ओल्या चढावर पुढची चाकं जागेवर फिरतात, मागच्यांना असेल तर पकड उलट वाढते. पण ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली, उन्हाळ्यात बूड शेकतं, आणि हायवेला मला तरी ती गाडी आवडत नाही. ट्रायबरची तिसरी रांग पूर्ण काढून घरी ठेवता येते, मग ६२५ लिटर जागा, आयडिया मस्त, पण इंजिन १ लिटरचं, ओढायची ताकद म्हणजे टॉर्क फक्त ९६ न्यूटन मीटर, भरलेली गाडी कात्रजच्या घाटात चढवताना दुसऱ्या गिअरवरून हात काढता येणार नाही.

माझं मत अर्टिगा, साधी पेट्रोल. मधलं व्हेरियंट बजेटमध्ये बसेल. मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की ८०० लिटर, आणि रविवारी परत माणसात. सीएनजी तुम्ही विचारलंय, नको, सिलिंडर डिकीतच बसतो, जागा पण खातो आणि वजन पण. मात्र साडेपाचशे किलो अर्टिगाला सुद्धा काठावरच आहे, तेव्हा माणसं बाइकवर येऊ द्या आणि मेन ऑर्डर दुकानदाराच्या टेम्पोने साइटवर पाडून घ्या. आपली गाडी "चार पेट्या कमी पडल्या" या फोनसाठी.

भरताना केमिकलच्या पिशव्या मधल्या रांगेच्या पाय ठेवायच्या जागेत, टाइल्स उभ्या, जितक्या पुढे सरकतील तितक्या पुढे, बेल्टने आवळून. डिकीच्या टोकाला जड ठेवलं की गाडीचं नाक वर होतं, स्टेअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचा शिव्या घालतो. हेडलाइट खाली करायचं चाक असतं डॅशबोर्डवर, ते फिरवा. हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर फुल लोडची वेगळी दिलेली असते ती भरा. टायर बदलताना लोड इंडेक्स बघा, १८५/६५ आर१५ वर ८८ लिहिलेलं असतं म्हणजे एका टायरला ५६० किलो, दुकानदार स्वस्तातलं कमी आकड्याचं देत असेल तर घेऊ नका.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत वापराची अट असते, भाड्याने वापर आणि मालवाहतूक चालत नाही, फक्त सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. डिकीत दहा पेट्या असताना ठोकली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढतो आणि मग क्लेम लटकतो. एजंट "काही होत नाही साहेब" म्हणेल, त्याला ते लिहून मागा. रोजच एवढा माल असेल तर ईको कार्गो किंवा बोलेरो कॅम्परसारखी कमर्शियल गाडी सरळ पडेल. जीएसटी नंबर असेल तर मालवाहू गाडीवर इनपुट क्रेडिट मिळतं (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता होतो), कारवर मिळत नाही. फिटनेस सर्टिफिकेटची कटकट आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडण मात्र धरून चाला.

प्लायवूड पण न्यायचं असतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० मिमी लांब आणि १२२० रुंद, ती वरच्या कुठल्याच कारमध्ये सपाट जाणार नाही, टपावर दोरीने बांधून तर अजिबात नेऊ नका. त्या दिवशी छोटा हत्ती सांगा.