‘तर?’च्या पुढची ओळ

“गाडी शिकलो मी मॅडम, पण मधेच बंद पडली तर?”

कोल्हापुरातल्या बायका ‘शिकलो’, ‘आलो’ असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या या ताई चाळिशीच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लर्निंग लायसन्सच्या सहा महिन्यांतले चार सरलेले, गाडी दारात, आणि ताई केएमटीच्या सिटी बसनं फिरत होत्या.

घरचे म्हणायचे, “काही होत नाही गं.” हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. गाडी बंद पडते, टायर फुटतो, हे ताईंना ठाऊक होतं. मग मन कसं ऐकणार?

मी त्यांना एक वही घ्यायला सांगितली. “तुमचं वाक्य ‘तर’वर येऊन थांबतंय. पुढचं लिहून आणा. सुचलं नाही तर ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना विचारा.”

पुढच्या खेपेला दोन पानं भरून आली. चढावर बंद पडली तर ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही, हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करून मग स्टार्टर. टायर फुटला तर कचकन ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग गाडी डावीकडे घ्यायची. हायवेवर बंद पडली तर चारी इंडिकेटर लावायचे, मागे लांब लाल त्रिकोण ठेवायचा आणि काचा लावून आत बसून राहायचं.

इथं मात्र मी अडवलं. आत सुरक्षित वाटतं खरं, पण उभ्या गाडीला मागून येणारं वाहन धडकतं. उसाच्या हंगामात रात्री शिरोलीकडून येताना रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसते, आठवा. तशीच आपली गाडी दुसऱ्याला दिसते. डाव्या दारानं उतरायचं, कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं, मग फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठंही ११२.

एक ओळ कोरीच होती. ‘कुणाचा अपघात दिसला तर’. कागलच्या बाजूला एकदा त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवरून तशाच पुढं गेल्या होत्या. “पोलिसांचं झंगट नको म्हणाले हे.” सल होता तो. मी सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करणं हीसुद्धा मदतच. ताईंनी ती ओळ भरली. रडल्या थोड्या.

पण वहीनं धडधड जात नाही. म्हणून सरांना विनंती केली: रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, तुम्ही शेजारी बसून, गाडी मुद्दाम बंद पाडायला लावा. एकदा नाही, कंटाळा येईपर्यंत. नवरोबांना घरी ठेवा; “क्लच! क्लच!” ओरडायचे ते. पहिल्या दिवशी ताईंचे हात थरथरले. तिसऱ्या रविवारी त्या जांभया देत होत्या म्हणे.

परवा फोन आला. लायसन्स मिळालंय, आणि कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी खरंच बंद पडली.

“मग?”

“हँडब्रेक, न्यूट्रल, स्टार्ट. मागचा रिक्षावाला काय बोलला सांगू?”

“नको,” म्हटलं.

“मीपण सोडलो नाही त्याला.”