मों ब्लां परिक्रमेला जूनमध्ये निघताना

आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताभोवतीच्या पायी परिक्रमेला तुम्ही चौघे मित्र जूनच्या मध्यावर निघणार आहात, हा बेत उत्तमच आहे. मात्र वाटेवरचे मुक्कामाचे निवारे तेव्हा उघडू लागत असले, तरी कोल द ला सेन्य (२,५१६ मीटर) किंवा ग्राँ कोल फेरे (२,५३७ मीटर) यांसारख्या खिंडींत बऱ्याच वर्षी भरपूर बर्फ शिल्लक असतो, हे गृहीत धरूनच तयारी करा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे पाऊल पेलतो, परंतु दुपारच्या उन्हात तोच इतका भुसभुशीत होतो, की प्रत्येक पावलाला पाय मांडीपर्यंत रुततो आणि तासाभराच्या वाटेला तीन तास लागतात. म्हणून सकाळी लवकर निघून खिंड दुपारपूर्वी ओलांडावी. मोठ्या दगडांच्या कडेचा आणि वाहत्या ओढ्यावरचा बर्फ आतून पोकळ असतो, तिथे पाऊल टाकू नका.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका अशा:
- पुढच्या टप्प्याची स्थिती निवाऱ्याच्या व्यवस्थापकांना न विचारता निघणे.
- जुन्या पाऊलखुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे.
- काळा चष्मा न नेणे.

सह्याद्रीतल्या निसरड्या कातळावर कमावलेला तोल इथे उपयोगी पडतो, पण तीव्र हिमउतारावर तेवढा पुरत नाही. बुटांना लावायचे काटे आणि दोन काठ्या प्रत्येकाकडे हव्यातच. घसरण रोखायला वापरतात त्या बर्फकुऱ्हाडीचे तंत्र प्रत्यक्ष शिकावे लागते, त्यामुळे तशा उतारासमोर तुमच्यापैकी एकालाही धास्ती वाटली, तर चौघांनीही निःसंकोच माघारी फिरावे.