इंग्रजी ‘फॉर्च्यून’ला तुर्कीत नेमका कोणता शब्द?

एकच शब्द नाही, अर्थ बघून निवडावा लागतो. पैसाअडका म्हणायचा असेल तर ‘सेर्वेत’. नशीब म्हणायचं असेल तर ‘तालिह’ किंवा ‘शान्स’. हा दुसरा फ्रेंचमधून आलेला आणि रोजच्या बोलण्यातला. ‘कस्मेत’ म्हणजे आपली किस्मत, मूळ अरबीच. भविष्य सांगणं मात्र ‘फाल’: कॉफी पिऊन झाली की कप बशीवर उपडा करतात आणि आत उरलेल्या गाळाच्या नक्षीवरून भविष्य वाचतात.

मला सगळ्यात आवडतो तो ‘देवलेत’. हीच आपली ‘दौलत’! आज तुर्कीत त्याचा अर्थ ‘राज्य, शासन’ असा आहे. पण अचानक कुणाचं भाग्य उजळलं, तर ‘त्याच्या डोक्यावर देवलेत पक्षी बसला’ असं अजूनही म्हणतात. तिथे जुना अर्थ टिकून आहे.